ओव्याची धुरी

शनिवारी रुईचा पाला मिळायची मारामार असायची. मारुतीला हार करणारे लोक उजाडायच्या आत झाडं ओरबाडून न्यायचे आणि मागे उरायची ती चीक गळणारी खुंटं. म्हणून प्रमिलाबाई डहाके शुक्रवारीच ऊन कलताना पिशवी घेऊन निघायच्या, कालव्याच्या कडेनं कोवळी पानं खुडायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायच्या. "देवाला हार एक दिवस उशिरा मिळाला तर तो काही उपाशी राहत नाही," त्या म्हणायच्या. "माझ्या घरी साठ तोंडं आहेत." आता हे त्या कुणाला म्हणायच्या, तर बहुतेक वेळा स्वतःलाच. कालव्याच्या त्या रस्त्यावर भेटणार कोण? गावातली निम्मी घरं कुलपात होती आणि उरलेल्या घरांत त्यांच्यासारखीच एकेकटी माणसं राहत होती.

साठ तोंडं म्हणजे साठ अळ्या. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या मिरवणाऱ्या आणि दिवसरात्र चरणाऱ्या.

संत्र्याच्या त्या मुलखातून मधमाश्या दिसेनाशा होऊन बरीच वर्षं झाली होती. आंबिया बहार यायचा, बागा पांढऱ्या व्हायच्या, घमघमाट सुटायचा आणि मग बहुतेक फुलं फळ न धरताच मातीत मिळायची. शेवटी परागीकरण केंद्रानं फुलपाखरांचा मार्ग काढला. रुईवर वाढणारं तांबूस फुलपाखरू काटक. शिवाय त्याची अळी संत्र्याच्या पानाला तोंड लावत नाही, म्हणजे बागेला धोका नाही. अडचण एकच होती. फुलपाखराला संत्र्याचं फूल काय आणि नाल्यावरचं बेशरमीचं फूल काय, दोन्ही सारखीच. त्याला बागेतच जायला शिकवायचं कसं?

शिकवायचं ते अळी असतानाच, हा शोध होता. अळी पान खात असताना तिला एकच वास सारखा मिळत राहिला, की तो वास म्हणजे पोटभर खाणं, अशी खूणगाठ तिच्या मेंदूत बसते. पुढे कोशात तिचं सगळं शरीर विरघळून नव्यानं घडतं. जबडे जातात, पाय बदलतात, पंख येतात. तेवढी खूणगाठ मात्र टिकते, आणि फुलपाखरू पंख वाळवून उडतं ते त्या वासाच्या मागावर. केंद्रानं याला नाव दिलं होतं गंधसंस्कार. मोठ्या शेडमध्ये हजारो अळ्या एकत्र ठेवल्या की रोग पडून सगळ्या सडायच्या, म्हणून त्या घरोघरी थोड्याथोड्या वाटल्या होत्या. काचेची पेटी, तिला जाळीचं झाकण आणि झाकणाला एक कुपी. नवीन पान ठेवलं की कुपीतून संत्र्याच्या फुलाचा वास सुटायचा.

पेटी द्यायला केंद्राचे सुहास कडू आले होते, तेव्हा त्यांनी सगळं बजावून सांगितलं होतं. अळी चिमटीत धरायची नाही, मऊ ब्रशवर चढवून घ्यायची. कात टाकायला बसली असेल तर तिला हलवायचं नाही, पानासकट तशीच राहू द्यायची. लेंड्या रोज काढायच्या. पान धुऊन, कोरडं करूनच ठेवायचं. आणि खोलीत दुसरा वास नको.

"म्हणजे कसा वास?" प्रमिलाबाईंनी विचारलं होतं.

"उदबत्ती नको, काकू. फोडणी नको. डोक्याला वासाचं तेलही नको."

प्रमिलाबाईंनी देव स्वयंपाकघरात हलवले आणि फोडणीची चूल मागच्या पडवीत नेली. खोबरेल तेल तर त्यांनी बंदच केलं. सांगितलेलं काम चोख करायची त्यांना सवय होती. त्यांचे यजमान वारून चार वर्षं झाली होती. मुलगी ऋतुजा, एकुलती एक, खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या तळावर इंजिनीअर होती. खांबावर चढून ती वाऱ्याची पाती दुरुस्त करायची आणि दर रविवारी फोन करायची.

"आई, तू त्या अळ्यांशी बोलतेस की काय?"

"बोलते ना. त्या उलट उत्तर देत नाहीत."

ऋतुजा हसायची. मग दोघींनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. लहानपणापासून प्रमिलाबाईंनीच तिच्या मागे लागून तिला शिकवलं होतं. इथं काही नाही बाई, बाहेर पड, असं रोज सांगितलं होतं. पोरीनं ऐकलं. ऐकणाऱ्या पोरीवर रागवायचं तरी कसं?

त्या डिसेंबरात थंडी अशी पडली की रांजणातलं पाणी दातांना झोंबायचं. एका सकाळी प्रमिलाबाई पेटीपाशी गेल्या तर अळ्या काड्यांसारख्या ताठ. पान तसंच, लेंड्या नाहीत. कुपीतून संत्र्याचा वास सुटला, पण एकीनंही मान वर केली नाही. प्रमिलाबाईंनी केंद्राला फोन लावला, तो लागेना. मग त्यांनी कुणाला काही न विचारता माळ्यावरची शेगडी खाली काढली.

शेगडी जुनी होती. ऋतुजाला तान्ही असताना आंघोळीनंतर तिच्यावरच शेकलं होतं. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकायच्या, धूर निघाला की बाळाला दुपट्यात घेऊन वर धरायचं. नातवंडासाठी म्हणून त्यांनी ती माळ्यावर जपून ठेवली होती. ऋतुजानं मूल नको असल्याचं सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या होत्या. शेगडी मात्र भंगारात दिली नव्हती. आता त्यांनी निखारे फुलवले, ओव्याची चिमूट सोडली आणि शेगडी पेटीच्या टेबलाखाली सरकवली. खोली उबदार झाली. थोड्या वेळानं कुरुकुरु आवाज यायला लागला. अळ्या पान खात होत्या. प्रमिलाबाईंनी पदराला डोळे पुसले आणि धुरामुळे पाणी आलं, असं मनाशी म्हटलं.

मग तो नेमच होऊन बसला. सकाळी पेटी झाडायची, पान धुवायचं, टिपायचं, ठेवायचं आणि धुरी द्यायची, जशी न्हाऊ घातलेल्या लेकराला देतात तशी. उदबत्ती नको म्हणाले होते, फोडणी नको म्हणाले होते. धुरीचं कुणी काही म्हणालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर धुरी हा वास आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. धुरी म्हणजे ऊब. लहान जीवाला थंडी बाधू नये म्हणून करायची गोष्ट. तिला वास कोण म्हणतं?

अळ्या गुटगुटीत झाल्या, झाकणाला उलट्या लटकल्या, फिकट हिरवे कोश झाले. कोश काळपट पडले, त्यातून पंखांचा रंग दिसू लागला आणि एका आठवड्यात सगळी फुलपाखरं बाहेर आली. सुहास कडूंनी प्रत्येकाच्या पंखावर जांभळ्या शाईचा ठिपका दिला. जांभळा म्हणजे डहाके काकूंचं घर. जाळीच्या खोक्यात घालून ते त्यांना बागेत सोडायला घेऊन गेले.

"छान वाढवलीत, काकू."

"नवीन अळ्या कधी आणाल?"

"आणतो ना. आधी ही कामाला लागू द्या."

घर ओकंबोकं झालं. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई नेमाप्रमाणे उठल्या, रिकामी पेटी पुसली आणि करायला काही उरलं नाही म्हणून शेगडी पेटवून ओसरीवर बसल्या. थंडी तर होतीच. हातानं आपसूक ओवा टाकला. ऊन अंगणात आलं तसं एक फुलपाखरू कुंपणावरून डुलत आलं आणि त्यांच्या गुडघ्यावर बसलं. पंखावर जांभळा ठिपका होता. मग दुसरं आलं. मग ओळीनं येतच राहिली. खांद्यावर, पदरावर, एक तर थेट कपाळावर, कुंकवाच्या जागी.

प्रमिलाबाई हलल्या नाहीत. आपल्याकडे कुणी परत येतं ही गोष्टच त्या विसरल्या होत्या. इतका आनंद झाला त्यांना की त्याची भीतीच वाटली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रविवारी ऋतुजालाही नाही. रोज सकाळी शेगडी, रोज ती मंडळी हजर. धुरी विझली तरी ती जायची नाहीत. भिंतीवर, दोरीवरच्या लुगड्यावर, शेगडीच्या कडेवर बसून राहायची. रोज काही खाली पडलेली सापडायची. फुलपाखराचं आयुष्य ते केवढं, असं म्हणत प्रमिलाबाई त्यांना कुंडीतल्या मातीत पुरायच्या.

दोन आठवड्यांनी सुहास कडू आले. बागेत मोजणी झाली होती. सगळ्या घरांचे रंग दिसत होते, जांभळा एकही नव्हता. फाटकातच ते थबकले. ओसरीची भिंत तांबूस झाली होती आणि मधोमध काकू बसल्या होत्या. त्यांनी शेगडी पाहिली, खोल श्वास घेतला आणि ते पायरीवर बसले.

"ओवा आहे ना हा?"

"अळ्या गारठल्या होत्या, सुहासभाऊ. मरत होत्या. तुमचा फोन लागेना."

"रोज दिलीत?"

"एकदा देऊन सोडून देतात का? लेकराला देतात तशी दिली."

जमिनीवर पडलेलं एक फुलपाखरू सुहास कडूंनी उचलून तळहातावर घेतलं आणि बोटानं त्याचं पोट दाखवलं. ते कागदासारखं चपटं झालं होतं.

"हे म्हातारपणानं नाही मेलं, काकू. भुकेनं मेलं. यांना वाटेत फुलं दिसतात, पण ते खाणं आहे हेच यांना कळत नाही. धुरीखाली कुपीतला वास दबून गेला; यांच्या लेखी खाणं म्हणजे हा वास. म्हणून इथं येतात आणि वाट बघत बसतात."

प्रमिलाबाईंनी कुंडीकडे पाहिलं. आपल्या ओढीनं येतात असं वाटलं होतं; येतात ते जेवायला, आणि आपल्याकडे वाढायला धूर सोडून काही नाही.

"साखरपाणी ठेवते मी," त्या म्हणाल्या.

"प्रश्न तेवढाच नाही. ही अंडी घालणार. आमच्याकडे दिसून आलंय की आईला लागलेली वासाची ओढ पुढच्या पिढीत उतरते. पिलांनी तो वास कधी घेतलेलाही नसतो, तरी त्याच्यामागे धावतात. म्हणजे संत्र्याच्या मुलखात ओव्याच्या मागे लागलेली फुलपाखरं होणार आणि बहार पुन्हा वाया जाणार." ते मान खाली घालून बोलत होते. "उद्या जाळी घेऊन येतो. सगळी धरून थंड पेटीत ठेवावी लागतील. त्यांना त्रास होत नाही, झोप लागते."

"मारणार, असं म्हणा की."

"हो, काकू."

प्रमिलाबाई बराच वेळ शेगडीतली राख चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "वासाला खाणं समजतात ना ती? मग वास जिथं आहे तिथंच खरं खाणं ठेवलं तर? पहिल्यांदा तोंडाला गोडी लागली की पुढचं ती आपणहून शिकणार नाहीत?"

"मोठी झालेली फुलपाखरं शिकतात थोडंफार. पण सांगता येत नाही."

"मग उद्याचा एक दिवस मला द्या. आणि केंद्राची गाडी घेऊन या. जाळी आणा हवी तर, पण गाडीतच राहू द्या."

सकाळी ऊन वर आल्यावर त्या गाडीच्या मागच्या हौद्यात शेगडी घेऊन बसल्या. सुहास कडूंनी गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली. ओव्याचा धूर रस्त्यावर लांबत गेला आणि त्याच्या मागून, कुलूपबंद घरांच्या समोरून, ती तांबूस मंडळी निघाली. एका ओट्यावर बसलेला म्हातारा काठी टेकत उठून उभा राहिला आणि बघतच राहिला. गावात कित्येक वर्षांत निघाली नव्हती अशी ती मिरवणूक होती, आणि तिला वाजंत्री नव्हती.

बाग ऐन बहारात होती. प्रमिलाबाई शेगडी घेऊन झाडाखाली बसल्या, अगदी फुलांच्या फांदीखाली. धूर फुलांतून वर जाऊ लागला. फुलपाखरं धुरात घुटमळली, फांदीवर बसली, फुलांवरून चालली, पण सोंड कुणी उलगडेना. दुपार झाली. सुहास कडूंनी दोनदा गाडीतल्या जाळीकडे पाहिलं. मग प्रमिलाबाईंच्या डोळ्यांसमोरच्या एका फुलात एकानं सोंड बुडवली. त्यानं ती काढलीच नाही. शेजारचं दुसरं फूल, मग तिसरं. ऊन कलेपर्यंत बहुतेक सगळी मधाला लागली होती. शेगडी विझून गार झाली तरी ती फांद्यांवरच होती.

काही मात्र प्रमिलाबाईंच्या पदरावर येऊन बसली होती आणि तिथून हलत नव्हती.

"काकू," सुहास कडू म्हणाले आणि थांबले.

"बोला ना."

"तुमच्या लुगड्याला, केसांना, सगळ्याला तो वास आहे. तुम्ही अशाच घरी गेलात तर ही मागे येतील."

बागेच्या राखणदाराच्या बायकोनं विहिरीवर पाणी तापवून दिलं. रिठ्यानं न्हाऊन, तिचंच एक लुगडं नेसून प्रमिलाबाई बांधावर आल्या. त्यांचं लुगडं तिनं खड्ड्यात टाकून वर माती लोटली. त्या पुन्हा झाडाखालून गेल्या तेव्हा एकही फुलपाखरू त्यांच्याकडे वळलं नाही. आपण हेच मागितलं होतं, हे माहीत असूनही त्यांना ते फार लागलं.

संत्र्याची गोडी लागलीय, तीही पुढे उतरेल, या आशेवर केंद्रानं जाळी वापरली नाही. अट एकच होती: डहाके काकूंनी या बहारात बागेकडे फिरकायचं नाही आणि घरात धुरी पेटवायची नाही. पेटीही नेली. घर धुऊन, चुना मारून वास गेला की मृगाच्या बहाराला नवीन अळ्या देऊ, असं सुहास कडू म्हणाले. प्रमिलाबाईंनी भिंती धुतल्या. शुक्रवारी ऊन कललं की पाय कालव्याकडे वळायचे. पण रुई खुडायची कुणासाठी? त्या तशाच परत यायच्या.

सुहास कडू अधूनमधून फोन करायचे. जांभळे ठिपके बागेत दिसताहेत. बांधावरच्या रुईवर त्यांची अंडी सापडली, अळ्या झाल्या, नवीन फुलपाखरंही निघाली.

"त्यांना ओव्याचा वास देऊन बघितला का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"बघितला. धुरी कशी असते हे ठाऊकही नाही त्यांना, तरी वळतात. नुसतंच वळत नाहीत, काकू. काहीतरी हरवलंय अशी शोधत राहतात."

"किती पिढ्या शोधतील?"

"ते आम्हालाही माहीत नाही."

रविवारी ऋतुजाचा फोन आला. नेहमीच्या वेळेच्या बराच आधी.

"आई, एक गंमत झाली," ती म्हणाली, पण आवाजात गंमत नव्हती. "आमच्या खानसाम्याला सर्दी झाली होती. त्यानं तव्यावर ओवा टाकला आणि वाफारा घेतल्यासारखा धूर घेत बसला. मी वरच्या जिन्यात होते. खाली कशी आले मला आठवत नाही. त्याच्या शेजारी उभी राहिले आणि रडायलाच लागले. बिचारा घाबरला."

प्रमिलाबाई खाटेवर टेकल्या. "मग?"

"मग काय. आता रोज मीच टाकते ओवा आणि तिथं बसून राहते. जेवण जात नाही. खांबावर चढले नाही मी आठवडाभर. इतकं आवडतं काम माझं, पण मनच लागत नाही. सगळं सोडून तिकडे यावं असं वाटतंय, आई, आणि का ते सांगता येत नाही. मला आठवत तर काहीच नाही."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले. यावं, आजच्या आज निघावं पोरीनं, असं त्यांच्या जीवाला झालं. त्यासाठी फार काही बोलावंही लागलं नसतं. शेगडी, दुपटं, ओवा; तीन शब्द सांगितले की ती पहिल्या बोटीनं किनाऱ्याला लागली असती आणि या चुना मारलेल्या ओसरीवर येऊन बसली असती. आणि मग? इथं बसून ती जगली असती कशावर? या कुलपांच्या गावात त्यांच्याकडे तिला वाढायला होतं तरी काय?

पण नाही सांगितलं तर ती शोधतच राहील. आपण काय शोधतोय ते न कळता.

"आई? ऐकतेयस ना?" ऋतुजानं विचारलं. "तुला माहीत असेल म्हणून विचारतेय. कसला वास आहे गं हा?"